न्हाणीच्या पाण्यावर परसातली भाजी

आपल्या घरातून रोज किती पाणी बाहेर जाते, हे कोणी मोजले आहे काय? पिण्याचे पाणी आपण मोजतो. हापशावरून किती घागरी आणल्या, नळाला किती हंडे भरले, हे घरच्या बाईला तोंडपाठ असते. पण न्हाणीतून आणि मोरीतून जे पाणी बाहेर जाते, त्याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. तर आज आधी तो हिशेब करू. तुम्हाला आता अंक येतात. पाटी घ्या. पाटी नसली तर जमिनीवर काडीने मांडा.

जलजीवन मिशन ही सरकारी योजना 2019 साली सुरू झाली. तिच्यात खेड्यातल्या दर माणसामागे रोज 55 लिटर पाणी धरले आहे. घरात पाच माणसे असली तर 55 गुणिले 5, म्हणजे 275 लिटर झाले. आता तुम्ही म्हणाल, "गुरुजी, एवढं पाणी येतं कुठं?" खरे आहे. आम्ही इथेच लिंबागणेशला राहतो, आम्हालाही ते ठाऊक आहे. पण हिशेबाला काहीतरी आकडा धरावा लागतो. ज्याच्या घरी कमी येते त्याने कमी धरावा.

या 275 लिटरांतले पिण्यात आणि स्वयंपाकात थोडेच जाते. बाकीचे अंघोळीला, भांड्यांना, धुण्याला. साधारण पाऊण भाग पाणी पुन्हा घराबाहेर येते. म्हणजे रोजचे 200 लिटर. पंधरा लिटरांची घागर धरली तर तेरा घागरी! एवढ्या घागरी डोक्यावरून आणायच्या म्हटल्या तर कंबर मोडेल. आणि आपण त्या रोज दारापुढे ओततो.

आमचे गाव बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात. भालचंद्र गणपतीचे देऊळ इथले प्रसिद्ध आहे, लांबून लोक दर्शनाला येतात. पण पाऊस इथे देवाच्या भरवशावर. 1972 चा दुष्काळ म्हाताऱ्या माणसांना आठवतो. 2013 चा आणि 2016 चा तर तुम्हा सगळ्यांनाच आठवत असेल. 2016 च्या एप्रिलात आपल्या शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते. अशा मुलखात तेरा घागरी पाणी रस्त्यावर सोडणे परवडत नाही.

शिवाय ते रस्त्यावर जाऊन गप्प बसत नाही. दारापुढे डबके होते. डबक्यात डास अंडी घालतो. अंड्याचा उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. मग लेकरे तापाने फणफणतात, आणि दवाखान्याच्या चिठ्ठीवर जो पैसा जातो त्यात वर्षाची भाजी आली असती.

आता या पाण्याचे काय करावे, ते सांगतो.

परसात किंवा घराच्या कडेला जागा पाहा. हिवाळ्यात भाजीच्या वाफ्याला एका चौरस मीटरमागे रोज चार-पाच लिटर पाणी लागते. एक मीटर म्हणजे साधारण सव्वादोन हात. तर 200 लिटरांत 40 चौरस मीटर जागा भिजेल. म्हणजे चौदा हात लांब आणि चौदा हात रुंद. अर्धा गुंठासुद्धा नाही. एवढी जागा पुष्कळ घरांना असते. तिथे आज काय आहे? मोडका नांगर, फुटके टायर, गवऱ्यांचा ढीग आणि कोंबड्या. ज्याला एवढी जागा नसेल त्याने चार हातांत करावे. पाणी कमी असेल त्यानेही जागा कमीच धरावी. मोठी जागा तहानलेली ठेवण्यापेक्षा लहान जागा भिजलेली बरी.

न्हाणीपासून वाफ्यापर्यंत चारी काढायची. तिला उतार पाहिजे. दहा हात लांबीला चार बोटे उतार दिला तरी पाणी आपोआप जाते. बीडची खजाना विहीर तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या काळात ती बांधली. तिचे पाणी जमिनीखालच्या कालव्यातून निघते आणि मोट नाही, इंजिन नाही, नुसत्या उताराने शेतांना जाते. त्या काळच्या कारागिरांनी जे मैलांवर साधले ते आपल्याला दहा हातांवर साधायचे आहे. उतार पाहायला पारदर्शक नळी लागते, ती गवंड्याकडे असते. नसली तर चारीत तांब्याभर पाणी ओतून पाहा. थांबले तिथे खणा.

चारीच्या तोंडाशी एक गाळण करावे. जुना माठ किंवा फुटका डबा घ्या. त्याच्या बुडाला भोके पाडा. तळाशी मोठी खडी, वर विटांचे तुकडे, त्यावर जाड वाळू आणि सगळ्यांत वर नारळाच्या शेंड्या. न्हाणीचे पाणी यातून जाऊ द्या. साबणाचा फेस, केस, खरकटे वर अडकते. शेंड्या आठवड्याला काढून धुवाव्या, महिन्याने बदलाव्या. हे काम कंटाळवाणे आहे. पण ते केले नाही तर गाळण तुंबते आणि घरातले लोक म्हणतात, गुरुजींचे काही खरे नाही.

आता तीन गोष्टी नीट लक्षात ठेवा. संडासाचे पाणी या चारीत कधीही सोडायचे नाही. लहान लेकराचे घाणीचे लंगोटे धुतलेले पाणीही नाही. दुसरे, सांडपाणी साठवून ठेवायचे नाही. आजचे आजच जिरले पाहिजे, नाहीतर त्याला वास मारतो. तिसरे, जी भाजी कच्ची खायची, म्हणजे कोथिंबीर, मुळा, गाजर, कांद्याची पात, तिला हे पाणी देऊ नये. तिला चांगले पाणी तांब्याने द्यावे. न्हाणीच्या पाण्यावर केळ, पपई, अळू, शेवगा, भोपळा, दोडका, वांगी लावावी. ही फळे जमिनीपासून वर असतात. अळू तर शिजवूनच खातात. पाणी मुळाशी द्यावे, पानांवर शिंपडू नये. भांडी राखेने घासली तर झाडाला बरे. पावडर आणि सोडा फार गेला की माती कडक होते, वर पांढरा थर येतो. असा थर दिसला तर महिनाभर ते पाणी दुसऱ्या आळ्याकडे वळवावे. पावसाळ्यात माती धुऊन निघते.

पावसाळ्यात वाफे ओलेच असतात. तेव्हा न्हाणीचे पाणी कुठे जाणार? त्यासाठी शोषखड्डा पाहिजे. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यात टेंभुर्णी नावाचे गाव आहे. त्या गावाने घरोघर शोषखड्डे केले. गटारे उघडी राहिली नाहीत, डबकी राहिली नाहीत, आणि डासांचा त्रास गेला. ते पाहायला दूरदूरचे लोक आले. खड्डा अवघड नाही. दोन हात लांब, दोन हात रुंद, दोन हात खोल खणावा. तळाशी मोठे दगड, वर लहान दगड, वर खडी भरावी. मधोमध भोके पाडलेला माठ किंवा सिमेंटची लहान टाकी बसवावी. पाणी आधी तिच्यात पडते. गाळ खाली बसतो आणि पाणी भोकांतून मुरते. गाळ काढता यावा म्हणून वर झाकण ठेवावे. मुरमाड जमिनीत असा खड्डा चांगला चालतो. काळ्या चिकण मातीत पाणी लवकर मुरत नाही. तिथे खड्डा मोठा करावा किंवा मुरूम लागेपर्यंत खोल न्यावा. पिण्याच्या विहिरीपासून आणि हापशापासून पन्नास फूट तरी लांब असावा.

आणि घरापासून? इथे थोडे थांबून सांगावे लागेल. कारण पाणी, भिंत आणि माणसाचा जीव यांचा संबंध आहे.

आपली जुनी घरे माळवदाची. दगडमातीची दोन-अडीच हात रुंद भिंत, लाकडी तुळया, आणि वर पांढरी माती. उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात ऊबदार. माळवद गळू लागले की आपण काय करतो? वर आणखी माती टाकतो. बाप टाकून गेला, मुलगा टाकतो, नातू टाकतो. आधीची कोणी काढीत नाही. असे करता करता डोक्यावर हातभर, दीड हात मातीचा थर होतो.

30 सप्टेंबर 1993 ला पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. गणपती आदल्याच दिवशी बोळवले होते. लोक गाढ झोपेत होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यांतली गावेच्या गावे बसली. साडेसात हजारांवर माणसे गेली. धरणी हलली हे खरे. पण जीव घेतला तो भिंतींनी आणि माळवदाच्या मातीने. भिंतीचे दगड गोल होते. बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, मध्ये नुसती माती आणि चिपा. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा लांब दगड नव्हता. हादरा बसताच भिंत दोहीकडे उकलली आणि वरचे ओझे खाली आले.

किल्लारी आपल्यापासून फार लांब नाही, आणि घरे आपली तशीच आहेत. म्हणून भाजीच्या गोष्टीत आम्ही हे सांगतो आहोत. ज्यांचे माळवद आहे त्यांनी या उन्हाळ्यात एक काम करावे. वरची जुनी माती काढावी. वीतभर ठेवावी, जास्त नाही. गळू नये म्हणून खाली जाड प्लास्टिकचा कागद अंथरावा आणि त्यावर ती वीतभर माती चोपून बसवावी. माती एका बाजूने सगळी काढू नका, ओझे एकीकडे कलते. दोन्ही बाजूंनी थोडी थोडी काढा, आणि काढताना खाली कोणाला बसू देऊ नका. कुजलेली तुळई दिसली तर आधी जाणत्या सुताराला बोलवा. काढलेली माती टाकून देऊ नका. भिंतीच्या बाहेर पायाशी उताराने घाला, म्हणजे पावसाचे पाणी भिंतीपासून लांब जाईल.

भिंत नवी बांधायची असली तर गवंड्याला एवढे सांगा: उंचीला दर दोन फुटांवर आणि लांबीला दर चार फुटांवर एक दगड आरपार घाल. दगड लांब मिळत नसेल तर सळई घालून सिमेंटचा जोडदगड ओत. किल्लारीनंतर सरकारने घरे बळकट करण्याची जी कामे केली, त्यांत जुन्या भिंतीलासुद्धा भोके पाडून असे जोडदगड बसवले. खर्च थोडा आहे. गवंडी कुरकुर करील. त्याला करू द्या, आपण ऐकू नये.

आता या भिंतीच्या पायाशी रोज तेरा घागरी पाणी मुरले तर काय होईल? माती फुगेल, पोपडे सुटतील, पाया खचेल. म्हणून शोषखड्डा भिंतीपासून सहा-सात हात लांब घ्यावा. वाफे निदान तीन हात लांब ठेवावे. वेल भिंतीवर चढवायची हौस असते. वेलाचे आळे तीन हातांवर करा आणि मांडव भिंतीकडे कलता घाला. पश्चिमेच्या भिंतीवर असा दोडक्याचा मांडव आला की दुपारचे ऊन अडते, घर थंड राहते.

पत्र्याच्या घरांचे दुखणे निराळे. उन्हाळ्यात पत्रा तव्यासारखा तापतो. फाल्गुनात वरून चुन्याचे दोन हात द्यावे. चुना रात्रभर भिजवून, गाळून, त्यात थोडा डिंक घालावा, म्हणजे लवकर झडत नाही. पांढरा पत्रा ऊन परत फेकतो. पत्र्यावर दगड ठेवण्याची चाल मात्र सोडावी. वळवाच्या वाऱ्यात पत्रा उडतो तेव्हा दगडही उडतो, आणि तो कोणाच्या अंगावर पडेल याचा नेम नाही. हुकाच्या बोल्टाने पत्रा खालच्या लोखंडाला आवळावा, बोल्टाखाली वायसर घालावा. वर्षातून एकदा, वैशाखाच्या आधी, सगळे बोल्ट पाहून घ्यावे.

चला, परसात येऊ.

वाफा अडीच हातांपेक्षा रुंद करू नये. दोन्ही कडांना बसून मधल्या तणापर्यंत हात पोचला पाहिजे. वाफ्यात पाय पडला की माती दबते. लांबी जागा असेल तशी. माती वीतभर खणून भुसभुशीत करा. प्रत्येक चौरस मीटरला दोन-तीन किलो चांगले कुजलेले शेणखत मिसळा. कच्चे शेण घालू नका, हुमणी आणि वाळवी येते. पुसदचे पांढरीपांडे म्हणून एक गृहस्थ होते. त्यांना लोक नाडेप काका म्हणत. त्यांनी विटांचे जाळीदार टाके करून थोड्या शेणात पुष्कळ खत करण्याची रीत काढली. पालापाचोळा, शेणकाला आणि माती असे थरावर थर द्यायचे, वरून लिंपायचे. तीन-चार महिन्यांत खत तयार होते. त्यांचे टाके दहा फूट लांबीचे असते. घराला त्याच्या पाव भागाचे पुरते. विटा नसल्या तर पऱ्हाट्यांची जाळी उभी करावी. हवा आत जाण्याशी मतलब.

कुंपण मात्र आधी. शेळी ही फार हुशार असते. तुरीच्या तुराट्या आणि बोरीचे काटे घालून कूड करा, फटी ठेवू नका.

पेरणीची मेख अशी आहे की सगळे एकदम पेरायचे नाही. बहुतेक घरांत मेथीचा एक मोठा वाफा एकाच दिवशी पेरतात. मग पंचविसाव्या दिवशी सगळीकडे मेथीच मेथी. शेजाऱ्यांना वाटा, म्हशीला घाला, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा बाजारातून विकत आणा. त्यापेक्षा चार लहान वाफे करा. चार हात लांब, दोन हात रुंद. दर आठवड्याला एक पेरा. एका वाफ्याला चहाचे दोन चमचे मेथ्या पुरतात. रात्री भिजत घाला, सकाळी पेरा. पहिला वाफा उपटून होतो तोवर दुसरा तयार असतो, आणि रिकाम्या पहिल्यात पालक टाकता येतो. पालक, शेपू, चुका, राजगिरा, तांदुळजा यांचे असेच करावे. पालक उपटू नये, कापावा. तीन-चार वेळा फुटतो. धने मात्र तसेच टाकू नका. चपलेखाली हलके रगडून त्यांच्या दोन डाळी करा, प्रत्येक डाळीतून एक रोप येते.

वांगी, मिरची, टोमॅटो यांची रोपे करावी लागतात. मृग लागायच्या आधी, मेच्या अखेरीला, फुटक्या टोपलीत माती आणि खत भरून बी टाका. महिना-सव्वा महिन्यात रोप वीतभर होते. पाऊस झाल्यावर संध्याकाळी लावा. भेंडी आणि गवार जागेवरच टोकावी, दोन झाडांत वीतभर अंतर ठेवून. भेंडी दीड महिन्याने तोडायला येते. एक दिवसाआड तोडली पाहिजे, निबर झाली तर झाड नवी फळे धरीत नाही. शेवग्याची फांदी पावसाच्या तोंडी रोवा. शेवगा एकदा लागला की त्याच्याकडे पाहावेही लागत नाही. शेंगा तर मिळतातच, पण आम्ही त्याच्या पानांना जास्त मानतो.

पानांना का मानतो, त्याचे कारण आहे. 2019 ते 2021 या काळात देशभर आरोग्याची पाहणी झाली. महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वर्षांच्या शंभर बायकांपैकी चोपन्न बायकांच्या अंगात रक्त कमी निघाले. म्हणजे निम्म्याहून जास्त. आपल्या घरात तीन बाया असतील तर त्यांतल्या एक-दोघी त्यात आहेत असे समजा. चालताना दम लागतो, डोळ्यापुढे अंधारी येते, आणि बाई म्हणते, "कामानं थकले असंन." हिरव्या पालेभाजीत लोह असते. ते अंगी लागावे म्हणून जेवताना लिंबू पिळावे, आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये. चहाने लोह अंगी लागत नाही. पण एक सांगून ठेवतो. ज्या बाईचे रक्त तपासणीत फार कमी निघाले, तिने नुसत्या भाजीवर राहू नये. उपकेंद्रात लोहाच्या गोळ्या मिळतात, त्या घ्याव्या.

हैदराबादला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. तिचे म्हणणे असे की मोठ्या माणसाने दिवसाला 400 ग्रॅम भाजी खावी, त्यात 100 ग्रॅम पालेभाजी असावी. पाच माणसांना दिवसाला दोन किलो झाली. चौदा हातांच्या परसातून एवढी निघेल असे आम्ही म्हणणार नाही. कोणी म्हणत असेल तर त्याने ती पिकवून दाखवावी. पण पाच माणसांची अर्धा किलो पालेभाजी पाणी असेल त्या महिन्यांत निघू शकते, आणि वर वांगी, भेंडी, दोडके येतील तेवढे.

बियाण्याचे काय? दुकानात पाकीट मिळते. पुष्कळ पाकिटांत संकरित बी असते. पीक चांगले येते, पण त्याचे बी धरून पुन्हा पेरले तर आईसारखे लेकरू निघत नाही. फळे बारीक-मोठी, निरनिराळी येतात. गावरान बियाण्याचे तसे नसते, ते वर्षानुवर्षे धरता येते.

अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात कोंभाळणे नावाचे डोंगराळ गाव आहे. तिथल्या राहीबाई सोमा पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी वाल, घेवडा, भात, भाज्या यांची जुनी गावरान बियाणी गोळा केली, परसात पेरली, वाढवली, आणि बायाबायांत वाटली. बायफ या संस्थेने त्यांना साथ दिली. त्यांच्या घरी बियाण्यांची बँक उभी राहिली. 2018 साली बीबीसीने जगातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचे नाव घातले. 2020 साली सरकारने त्यांना पद्मश्री जाहीर केली. लोक त्यांना बीजमाता म्हणतात. मोठमोठे शिकलेले लोक त्यांच्या परसात जाऊन विचारतात की हा वाल कोणता, तो कधी पेरायचा.

तसे बी आपल्याकडेही आहे. म्हाताऱ्या बायांच्या गाडग्यांत, उतरंडीत, कपड्याच्या पुरचुंडीत. त्या आहेत तोवर विचारून घ्या. बी धरताना पहिले फळ किंवा सगळ्यांत देखणे फळ बियाण्याला सोडावे. आपण उलटे करतो. चांगले खातो आणि किडके बियाण्याला ठेवतो. दोडका, दुधी वेलावरच वाळू द्यावा. बी सावलीत सुकवून, राख आणि लिंबाचा वाळलेला पाला घालून मडक्यात ठेवावे. आणि आता तुम्हाला लिहिता येते, तर वर चिठ्ठी बांधा. काय बी, कोणाकडून आणले, कोणत्या महिन्यात धरले. तीन ओळी पुरेत.

किडीचे औषधही घरचे आहे. आमच्या गावाच्या नावातच लिंब आहे! पावसाच्या तोंडी पिकलेल्या निंबोळ्या गोळा करून वाळवून ठेवा. पाव किलो वाळलेली निंबोळी कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी फडक्याने गाळा, चमचाभर साबणचुरा टाका, आणि पाच लिटर पाणी करा. संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूला फवारा. मावा, तुडतुडे हटतात. एकदा फवारून भागत नाही, आठ दिवसांनी पुन्हा फवारावे. वांग्याचा शेंडा मान टाकून लोंबकळताना दिसला तर समजा की आत अळी आहे. तो शेंडा खालून खुडून जाळून टाका. तिथे औषध आत पोचत नाही.

आता राहिली आमच्या भागाची खरी अडचण. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात. नवरा-बायको कोयत्यावर, लहान लेकरू बरोबर, आणि गावात म्हातारी-म्हातारा व शाळेतली पोरे. नेमकी भाजीला चांगली तीच थंडी, आणि तेव्हाच घराला कुलूप किंवा घरी दोनच माणसे. "गुरुजी, तुमची परसबाग राखायची कोणी?" असे एक बाई आम्हाला म्हणाली. तिचा प्रश्न बरोबर होता.

घरी कोणी राहणार असेल तर जाण्याआधी दोनच वाफे पेरून द्या, म्हातारीला झेपतील एवढे. त्यांच्या अंघोळीचे पाणी तेवढ्यांना पुरते. वाकून काम होत नसेल तर अळू, केळ, कढीपत्ता, शेवगा ही उभी राहणारी झाडे लावा. त्यांना नुसती चारी पोचली की झाले. घराला कुलूपच लागणार असेल तर सगळा जोर पावसाळ्यावर ठेवा. मृगाला लाल भोपळा लावा. तो दिवाळीच्या आधी निघतो. देठासकट ठेवला, अंगाला खरचटू दिले नाही, तर दोन-तीन महिने टिकतो आणि गाडीत घालून नेता येतो. गवार आणि मिरची वाळवून न्या. शेवग्याची पाने, अंबाडीची पाने सावलीत वाळवून, चुरून, डब्यात भरा. उन्हात वाळवू नका, कस जातो. फडावर पहाटे काळोखात भाकरी करावी लागते, भाजी निवडायला तिथे कोणाला सवड असते? पिठात मूठभर शेवग्याचा चुरा मळला तर तेवढीच पालेभाजी लेकराच्या पोटात जाते. हरभऱ्याचा वाळवलेला पाला आपल्या बाया पूर्वीपासून ठेवतातच. तो शिजायला वेळ लागत नाही. लसूण-मिरचीची फोडणी दिली की कोरड्यास होते.

उन्हाळ्यात, टँकर सुरू झाल्यावर, वाफे मोडून टाका. त्या दिवसांत पालेभाजीचा हट्ट धरू नये. जे पाणी मिळेल ते केळीला, शेवग्याला, लिंबाला आणि पपईला. आळ्यात वाळका पाला वीतभर अंथरा, ओल टिकते. रिकामे वाफे नांगरून नाही, पण कुदळीने उलथून उन्हाला तापत ठेवा. किडीचे कोष मरतात. त्याच सुट्टीच्या दिवसांत माळवदाची माती काढा, चारी साफ करा, शोषखड्ड्याचा गाळ उपसा, बियाण्याच्या पुरचुंड्या सोडून ऊन दाखवा. मेच्या शेवटच्या आठवड्यात टोपलीत वांग्याचे बी टाकायचे आहे.